लोकर, नीळ आणि दगडफूल : जुन्या आयरिश खेड्यातले घरचे कपडे

आयर्लंडचा पारंपरिक पोशाख म्हटलं की पांढऱ्या जाड दोऱ्याचा, वेण्यांच्या विणीचा ॲरन स्वेटर आठवतो. दुकानात त्याच्या शेजारी पाटी असते : अमुक घराण्याची अमुक वीण, पिढ्यानपिढ्यांची परंपरा. प्रत्यक्षात आयर्लंडच्या पश्चिमेला असलेल्या ॲरन बेटांवरच्या कपड्यांत हा स्वेटर सगळ्यांत धाकटा आहे, जेमतेम शंभर-सव्वाशे वर्षांचा. त्याच्या आधी कित्येक पिढ्या तिथली माणसं घरी कातलेल्या आणि गावच्या मागावर विणलेल्या कापडाचे कपडे घालत. ते कापड आज कुणाच्या फारसं लक्षात नाही, आणि खरं कसब त्याच्यात होतं.

त्या कापडाची माहिती टिकली त्याचं बरंच श्रेय शाळकरी पोरांना जातं. १९३७ ते १९३९ या काळात आयरिश लोकसाहित्य आयोगाने देशभरातल्या सुमारे ५,००० प्राथमिक शाळांना विषयांची यादी दिली आणि सुमारे ५०,००० मुलांनी आजी-आजोबांना विचारून वह्या भरल्या. गावात पूर्वी कोणते कपडे बनत, हा त्यातला एक विषय. वेळ अगदी नेमकी साधली गेली. सूत कातायचं चाक चालवलेल्या म्हाताऱ्या तेव्हा हयात होत्या. आणखी वीस वर्षं गेली असती तर विचारायलाही कुणी उरलं नसतं.

घरचं कापड म्हणजे गरिबाचं कापड असं आपण सहज धरून चालतो. आयर्लंडात ते तसं नव्हतं. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ज्याच्याकडे मेंढ्या नाहीत आणि जवसापुरतं वावर नाही, तो भूमिहीन मजूर ब्रिटनमधून आलेले जुने, टाकून दिलेले कपडे जत्रेत विकत घेई. त्या काळच्या चित्रांत शेपटीदार कोटाच्या चिंध्या घातलेला आयरिश शेतमजूर दिसतो ना, तो कोट कुणा शहरी बाबूच्या अंगावरून उतरलेला असे. घरच्या कापडाला चार मेंढ्या, चरायला डोंगर, एक चाक, एक लोखंडी हंडा, जाळायला पीटच्या, म्हणजे दलदलीत कुजून दबलेल्या झाडपाल्याच्या, वाळवलेल्या विटा आणि घरातल्या बायकांचे पुष्कळ तास लागत. हे सगळं ज्या घरात असे ते घर पाय रोवून उभं आहे असा त्याचा अर्थ. १८४५ नंतरच्या दुष्काळात पोटासाठी अंगावरचं आणि अंथरुणातलं गहाण पडलं, तेव्हा ही घडी अनेक घरांत कायमची विस्कटली.

काम सुरू होई जूनच्या सुमाराला. मेंढ्या आधी ओढ्यात धुवायच्या आणि मग आठ-दहा दिवस तशाच सोडायच्या. त्या दिवसांत अंगाचं तेल पुन्हा लोकरीत उतरतं आणि कात्री सुळकन चालते. धुतल्याबरोबर कातरलं तर कात्री अडते आणि लोकर तुटक निघते. डोंगरातल्या काळतोंड्या मेंढीची लोकर साधारण दोन किलोच्या आसपास भरे, आणि मळ, तेल धुऊन गेल्यावर त्यातलाही चौथा-तिसरा हिस्सा कमी होई. सगळी लोकर सारखीही नसते. खांद्याची आणि बरगडीची मऊ, ती बारीक सुताला. मागच्या मांड्यांची राठ, ती घोंगडी आणि जाड कोटाच्या कापडाला. पोटाखालची गुंतलेली, मळकी असते, तिच्यातून फारसं काही निघत नाही. या जातीच्या लोकरीत पांढरे, ठिसूळ, रंग न घेणारे केसही असतात. ते जितके वेचून काढाल तितकं कापड कमी टोचतं.

लोकर धुवायला वापरत साठवून आंबवलेली लघवी. हे वाचून नाक मुरडू नये. साबण विकत घ्यावा लागे, हे घरात फुकट होतं आणि कामालाही उत्तम होतं. शिळ्या लघवीत अमोनिया तयार होतो, तो लोकरीतल्या तेलाशी मिळून एक प्रकारचा साबणच बनतो. त्यासाठी घरामागे एक पिंप किंवा मडकं ठेवलेलं असे. पाणी कोमट हवं, हाताला सोसेल इतकंच. लोकर बुडवायची, दाबायची, उचलायची. चोळायची नाही. गरम पाण्यातून काढून एकदम गार पाण्यात टाकली किंवा चोळली की तंतूंवरचे खवले एकमेकांत अडकतात आणि लोकरीचा लगदा होतो, तो पुन्हा सुटत नाही. नवशिक्या सुनेच्या हातून वर्षाची लोकर वाया जायची ती बहुधा इथे.

वाळलेली लोकर बोटांनी मोकळी करून तिला तेल-तूप लावायचं. डुकराची चरबी, लोणी, हंसाची चरबी, किनाऱ्यावर माशाच्या काळजाचं तेल, जे घरात असेल ते. कमी पडलं तर पिंजताना तंतू उडतात आणि तुटतात. जास्त झालं तर रंग नीट चढत नाही आणि कापड खवट वास मारतं. मग पिंजणं. दोन लाकडी फळ्या, त्यांवर चामडं आणि चामड्यात बसवलेले तारेचे वाकडे दात. एका फळीवर मूठभर नव्हे, चिमूटभर लोकर पसरायची आणि दुसरीने ओढत न्यायची, दात दातांत रुतू न देता. चार-सहा वेळा ओढल्यावर तंतू मोकळे होतात, मग फळीच्या पाठीवर गुंडाळून बोटाएवढा पेळू करायचा. पेळूत गाठ राहिली तर सुतात फुगवटा येतो, आणि फुगवट्याच्या शेजारचं सूत नेमकं मागावर तुटतं.

पश्चिमेकडे लोकर कातायला मोठं चाक असे, बाईच्या छातीपर्यंत येणारं. ते उभ्याने चालवायचं. आपल्या चरख्यासारखीच त्याला आडवी चाती. उजव्या हाताने चाक फिरवायचं, डाव्या हातात पेळू धरून मागे मागे सरकायचं. सूत चातीच्या टोकावरून निसटत निसटत पीळ घेत जातं. हात पुरेल तितकं लांब झालं की चाक जरा उलटं फिरवून टोकावरचे वेढे सोडायचे, सूत चातीला काटकोनात आणायचं आणि चाक सुलटं फिरवत, पुढे चालत येऊन ते गुंडाळायचं. दिवसभर हीच पुढे-मागे ये-जा. पीळ कमी पडला तर सूत हातात सुटतं, जास्त झाला तर आखडून त्याची गाठोडी होतात. उभ्या धाग्याला पीळ जास्त हवा, कारण मागावर ताण त्याला सोसायचा असतो. आडव्याला कमी, म्हणजे कापड मऊ राहतं आणि पुढे चांगलं आटतं. दोन्ही सुतं एकाच हाताने कातलेली असली तर विणकर खूश. चार घरच्या चार हातांची असली की कापडावर पट्टे उमटत.

एक हिशेब करून पाहावा. पाऊण मीटर रुंदीचं, सेंटीमीटरला ७ धागे असलेलं १० मीटर कापड घेतलं, तर उभे धागे ५२५, म्हणजे सव्वापाच किलोमीटर सूत. आडवंही जवळजवळ तितकंच. एकूण साडेदहा किलोमीटर. तासाला २०० मीटर सूत निघतं असं धरलं तरी नुसतं कातायला पन्नासहून अधिक तास लागतात. वेचणं, धुणं, पिंजणं वेगळंच, आणि पिंजायला कातण्याइतकाच वेळ सहज जातो. आटणीत जाणारं कापड यात धरलेलं नाही. त्या कपड्यांचा बेत असा का, त्यांत एकही तिरपी कात्री का चालवलेली नाही, एकही तुकडा फेकलेला का नाही, याचं उत्तर या साडेदहा किलोमीटरमध्ये आहे.

वर्षातून काही दिवस चाक फिरवायचं नाही असा दंडक होता. १ फेब्रुवारी हा संत ब्रिजितचा दिवस आणि ११ नोव्हेंबर हा संत मार्टिनचा. ब्रिजितच्या आदल्या रात्री कापडाचा एक तुकडा उंबऱ्याबाहेर किंवा कुंपणावर ठेवत. संत जाता जाता त्याला स्पर्श करते अशी श्रद्धा. तो तुकडा वर्षभर जपून डोकेदुखीवर डोक्याला बांधत, अडलेल्या गायीच्या पाठीवर टाकत. रोज बारा-बारा तास ज्या हातांनी सूत ओढलं त्यांना त्या दिवसांची विश्रांती मिळत असे, हे मला या श्रद्धेइतकंच महत्त्वाचं वाटतं.

आता रंग. मराठी स्वयंपाकघराला आयर्लंडचा एक रंग अगदी जवळचा आहे. गोड्या मसाल्यात आपण दगडफूल घालतो. त्याच कुळातलं, तसंच करड्या पापुद्र्यांचं दगडफूल आयर्लंडच्या किनाऱ्यावरच्या खडकांवर वाढतं. त्याला तिथे क्रॉटल म्हणतात. पावसानंतर ते फुगून सैल होतं, तेव्हा जुन्या चमच्याने किंवा पत्र्याच्या तुकड्याने खरवडून घ्यायचं. लोकरीच्या वजनाइतकं, गडद रंग हवा असेल तर दुप्पट. तीन पायांच्या लोखंडी हंड्यात क्रॉटलचा एक थर, लोकरीचा एक थर, असं भरत जायचं, वर पाणी ओतायचं आणि मंद आचेवर कित्येक तास ठेवायचं. पाणी खदखदू द्यायचं नाही, नाहीतर लोकर आटते. आधी फिकट बदामी, मग तांबूस, शेवटी गंजासारखा लालसर तपकिरी. याला तुरटी लागत नाही, रंग आपोआप धरतो आणि सहसा उतरत नाही. हंडा आपल्याआपण निवू द्यायचा, लोकर बाहेर काढून वाळवायची आणि मग झटकायची. ओली असताना पापुद्रे काढायला गेलं तर ते आणखी चिकटतात. त्या कापडाला एक मातकट गोडसर वास कायमचा राहतो. एक गोष्ट मात्र सांगायला हवी : दगडफूल वर्षाला काही मिलिमीटरच वाढतं. जुन्या बायका एकाच खडकावरून सगळं खरवडून घेत नसत.

काळा रंग दलदलीतून येई. पीटच्या दलदलीतला काळा चिखल लोहयुक्त असतो. ओकची साल किंवा पिवळ्या आयरिस या फुलझाडाच्या मुळ्या उकळून त्यातल्या तुरट द्रव्यात लोकर भिजवायची आणि मग त्या चिखलाबरोबर उकळायची. लोह आणि तुरट द्रव्य मिळून पक्का काळा होतो. त्यात लोह जास्त झालं तर लोकर ठिसूळ होते आणि कोपरावर कापड पहिल्यांदा तिथेच फाटतं.

लाल म्हणजे मंजिष्ठेचा. लोकरीच्या पाव वजनाची तुरटी देऊन आधी ती धरून घ्यायची. तुरटी जास्त झाली तर लोकर चिकट लागते. मंजिष्ठेला आच फार सोसत नाही. वाफ येते पण उकळी फुटत नाही एवढ्यावरच थांबायचं. उकळलं की लाल जाऊन विटकरी तपकिरी उरतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दुकानात रंगाच्या पुड्या आल्या आणि ही सगळी काळजी संपली. लाल झगझगीत झाला, मंजिष्ठेची खोली मात्र गेली.

नीळ तर दुकानातूनच आणावी लागे. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश बाजारातली बहुतेक नीळ बंगाल-बिहारची होती. म्हणजे चंपारण आणि जेसोरकडच्या रयतेवर जुलूम करून पिकवलेली नीळ पश्चिम आयर्लंडातल्या मेयोच्या एखाद्या झोपडीतल्या मडक्यात विरघळत होती. नीळ नुसत्या पाण्यात विरघळत नाही. पुरचुंडीत बांधून ती शिळ्या लघवीच्या मडक्यात सोडायची आणि मडकं चुलीच्या उबेला आठ-पंधरा दिवस झाकून ठेवायचं. आतल्या जंतूंमुळे प्राणवायू संपतो, द्रव पिवळसर हिरवा होतो, वर तांबूस-निळी साय धरते. तेव्हा लोकर हळूच, बुडबुडे न उठवता आत घालायची. बाहेर काढल्यावर ती हिरवी असते आणि बघता बघता हवेत निळी होत जाते. गडद हवी तर पुन्हा बुडवायची, पुन्हा वाऱ्यावर धरायची. एकदाच फार वेळ ठेवून गडद करू पाहणाऱ्याचा रंग हाताला, अंगाला लागत राहतो. मडकं जास्त तापलं की जंतू मरतात आणि सगळा खटाटोप वाया. घरात त्या दिवसांत वास कसला असेल ते सांगायला नको.

कातणं आणि रंगवणं घरोघर चाले, मागावर विणणं मात्र नाही. माग जागा खातो आणि शिकायला वर्षं लागतात, म्हणून पंचक्रोशीत एखादाच विणकर. बायका सुताचे गुंडे त्याच्याकडे नेत. मजुरी कधी पैशांत, कधी बटाटे, पीठ, लोणी किंवा शेतावरच्या कामात. जुन्या मागावर धोटा हाताने टाकायचा, त्यामुळे कापडाची रुंदी माणसाच्या दोन हातांच्या आवाक्याएवढी, बहुतेक पाऊण मीटरच्या आतबाहेर. एका विणकराला सतत काम पुरवायला अनेक कातणाऱ्या लागत. उभ्या धाग्यांना पिठाची खळ द्यायची, नाहीतर फणीच्या घासण्याने ते पिंजतात.

मागावरून उतरलेलं कापड विरळ आणि खरखरीत असतं. त्याला आटवून दाट करणं हे या सगळ्या उद्योगातलं सर्वांत गमतीचं आणि सर्वांत धोक्याचं काम. जिथे पाण्यावरची आटवणगिरणी नव्हती तिथे पायांनी करत. घराचं दार बिजागरीवरून काढून जमिनीवर टाकायचं, त्यावर कोमट साबणपाण्यात किंवा शिळ्या लघवीत भिजवलेलं कापड. दोन्ही बाजूंनी माणसं खाली बसायची, पाय उघडे, आणि तळव्यांनी कापड एकमेकांकडे लाथाडायचं. तासन् तास. गाणी, चेष्टा, शेवटी खाणंपिणं. मधेमधे कापड उलगडून रुंदी मोजायची, घड्या बदलायच्या. एकाच घडीवर लाथा बसत राहिल्या तर ती जागा दगडासारखी होते आणि शेजारची सैल राहते. कड लाटेसारखी वळली की समजायचं, आटणी असमान झाली. एकदा आटलेलं कापड कुणाच्या बापाला परत ताणता येत नाही. रुंदीचा चौथा-तिसरा हिस्सा कमी होईपर्यंत थांबायचं, मग ओढ्यात धुऊन कुंपणावर ताणून, कडेला दगड ठेवून वाळवायचं. कोटाच्या जाड कापडाला ही आटणी भरपूर. ते इतकं दाट होई की पाऊस वरून घरंगळून जाई. बॉनीन म्हणजे पुरुषांच्या जाकिटाचं, न रंगवलेलं पांढरं फ्लॅनेल, त्याला मध्यम. बायकांच्या झग्याच्या फ्लॅनेलला कमी, कारण त्याच्या चुण्या पडायला हव्यात.

जवसाचा ताग म्हणजे लिनन, हा वेगळा संसार, उत्तरेकडच्या अल्स्टर प्रांताचा मुख्य. आपल्याकडे जवस तेलासाठी लावतात. धाग्यासाठी तो दाट पेरायचा, म्हणजे फांद्या न फुटता उंच सरळ वाढतो. एप्रिलमध्ये पेरून ऑगस्टच्या सुमारास उपटायचा, कापायचा नाही, कारण मुळापर्यंतचा तंतू हवा. पेंढ्या साठलेल्या पाण्याच्या खड्ड्यात दगडाखाली दाबून आठ ते चौदा दिवस कुजवायच्या. एक-दोन दिवस कमी पडले तर काडीपासून तंतू सुटत नाही, जास्त झाले तर तंतूच सडतो, म्हणून रोज एक काडी मोडून पाहायची. त्या पाण्याचा वास मैलभर जाई आणि ते नदीत सोडलं तर मासे मरत. पुढे वाळवणं, मोगरीने कुटणं, फळीवर झोडून भुसा पाडणं, खिळ्यांच्या फणीतून विंचरणं. कातायला बसून पायाने चालवायचं लहान चाक, आणि बोटं सतत ओली. कापड करडं निघतं. राखेच्या पाण्यात उकळायचं, ताकात बुडवायचं आणि आठवडेच्या आठवडे गवतावर पसरून पाणी शिंपडत राहायचं, तेव्हा कुठे ते पांढरं होतं.

आयरिश कापडाच्या वाटेला राज्यकर्ते वारंवार आले. १५३७ च्या कायद्याने केशरी रंगवलेल्या सदऱ्यांवर आणि एका सदऱ्याला ७ यार्डांहून जास्त कापड वापरण्यावर बंदी घातली, कारण त्या घोळदार सदऱ्यात माणूस आयरिश दिसे. १६९९ च्या कायद्याने आयरिश लोकरी कापड इंग्लंडखेरीज कुठेही पाठवायला मनाई केली, आणि इंग्लंडात जबर जकात होतीच. तागाच्या धंद्याला मात्र उत्तेजन मिळालं. १७९६ साली लिनन बोर्डाने एक एकर जवस पेरणाऱ्याला ४ चाकं आणि पाच एकर पेरणाऱ्याला एक माग बक्षीस दिला. त्या यादीत जवळजवळ ६०,००० नावं आहेत. १९२२ मध्ये डब्लिनच्या सरकारी दफ्तरखान्याच्या आगीत जुन्या शिरगणतीचे कागद जळाले, म्हणून आपले पूर्वज शोधणारी आयरिश माणसं आज ही चाकांची यादी चाळतात. १७९६ नंतर पन्नास वर्षांच्या आत बेलफास्टच्या गिरण्यांत यंत्राने ओला ताग कातला जाऊ लागला आणि घरच्या तागाच्या चाकाचा आधार गेला.

शिवणकामाची वाटणी साधी होती. बायकांचे आणि मुलांचे कपडे आणि सगळ्यांचे सदरे घरात, पुरुषांची जाकिटं आणि विजारी शिंप्याकडे. शिंपी घरोघर फिरे, टेबलावर मांडी घालून बसे आणि काम संपेपर्यंत जेवायला तिथेच. गावोगावच्या बातम्या तोच आणी. सदरा पूर्ण चौकोनांचा : अंगाला एक लांब पट्टी दुमडून, बाह्यांना दोन, गळा आणि मनगटाशी चुण्या, काखेत चौकोनी कळी. ती कळी तिरकी बसते, त्यामुळे हात वर केला की कापड ताणतं आणि शिवण उसवत नाही. कळी कापायचा कंटाळा केलेला सदरा गवत कापायच्या पहिल्याच दिवशी काखेत फाटे. तागाचा शिवणदोरा मेणावर ओढून घेत, नाहीतर जाड फ्लॅनेलमधून जाता जाता तो पिंजतो.

पश्चिम किनाऱ्यावरच्या बायकांचा लाल फ्लॅनेलचा झगा अरुंद कापडाच्या चार-पाच पट्ट्या उभ्या जोडून, कमरेला घट्ट चुण्या घालून होई. खाली घेराला आडव्या दुमडी घालून ठेवत. मुलगी वाढली की एक दुमड उसवायची. उसवलेल्या जागी लाल गडद दिसतो आणि वर विटलेला, त्या पट्ट्यांवरून झगा किती वर्षांचा हे कळतं. कॉनेमारा आणि ॲरनमध्ये मुलगेही दहा-बारा वर्षांचे होईपर्यंत झगेच घालत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या छायाचित्रांत ते दिसतात. पऱ्या मुलगे पळवतात, म्हणून त्यांना मुलीचं रूप द्यायचं, असं सांगितलं जातं. मला वाटतं, झगा घरी शिवता येतो, विजारीला शिंपी लागतो, आणि वाढत्या पोराच्या विजारीवर शिंप्याचे पैसे घालवणं परवडत नव्हतं, हेही कारण तितकंच खरं असावं.

ॲरनच्या पुरुषाच्या कमरेचा क्रिस हा पट्टा तर मागाशिवाय होई. रंगीत लोकरीचे उभे धागे, दोन्ही कडांना पांढरे. एक टोक बाईच्या पायातल्या जोड्याला अडकवलेलं, दुसरं हाताशी किंवा खुर्चीच्या पायाला. एकाआड एक धाग्याला दोऱ्याचे फासे घालून ते उचलायचे, आडवा धागा घालायचा, बोटांनी किंवा लाकडी पट्टीने ठोकायचा. आडवा धागा शेवटी दिसतच नाही, उभ्यांत बुडून जातो. ताण देणारा फक्त पाय. गप्पांत पाय सैल पडला की पट्टा तिथे रुंदावतो, म्हणून चांगल्या क्रिसची परीक्षा म्हणजे त्याची कड पट्टीला लावून बघायची. पायात कच्च्या गायीच्या कातड्याची पँपुटी, केस बाहेरच्या बाजूला, मासेमारीच्या दोरीने आवळलेली. ती ओलीच ठेवावी लागते. वाळली की लाकडासारखी होऊन पाय कापते, म्हणून रात्री पाण्याच्या भांड्यात. खडकाळ बेटावर आणि होडीत ती बुटापेक्षा सरस, कारण पाय घसरत नाही आणि होडीचं पातळ अंगही दुखावत नाही.

सगळंच घरचं होतं असं नाही. शाल विकतची. स्कॉटलंडातल्या पेझ्ली गावच्या शालीवरची ती वळणदार कोयरी काश्मिरी शालीवरून उचललेली, ती गॉलवेच्या बाजारात मासे विकणाऱ्या बाईच्या खांद्यावर पोचली होती. कॉर्ककडचा टोपीचा काळा झगाही विकतच्या कापडाचा, महाग, आईकडून मुलीकडे जाणारा. आणि पुढे आली पिठाची पोती. १० स्टोन म्हणजे सुमारे ६४ किलो पीठ मावणारी सुती पोती. त्यांवरचा गिरणीचा छाप रॉकेल किंवा चरबी चोळून रात्रभर ठेवायचा, सकाळी धुण्याच्या सोड्यात उकळायचा, गवतावर उन्हात टाकायचा. चार पोत्यांची एक चादर, एकाचा आतला सदरा. १८९२ मध्ये मेयोत फॉक्सफर्डला ख्रिस्ती जोगिणींनी लोकरीची गिरणी काढली, वायव्येकडच्या डोनेगॉलमध्ये आर्डराकडच्या मागांना बाजार मिळाला, म्हणून तिथलं कसब धंदा म्हणून तरलं. इतर ठिकाणी दुकानातल्या तयार कपड्यांनी चाक माळ्यावर गेलं.

त्या स्वेटरबद्दल आता. किनाऱ्यावर मासेमारी वाढावी म्हणून १८९१ मध्ये सरकारी मंडळ नेमलं गेलं, बाहेरचे कोळी आणि त्यांच्या बायका आल्या, त्यांच्या विणलेल्या गंजिफ्रॉकांवरून ॲरनच्या बायकांनी आपला नमुना उभा केला. १९३० मध्ये डब्लिनला म्युरिएल गहान यांनी सुरू केलेल्या दुकानातून ते शहरात विकले जाऊ लागले. घराण्याच्या विणीवरून बुडालेल्या माणसाची ओळख पटे, ही गोष्ट तर जे. एम. सिंग यांच्या १९०४ साली रंगभूमीवर आलेल्या एका नाटकावरून पसरली. त्यात बहीण भावाला ओळखते ती मोज्यावरून, तोही साधा : तिने साठ टाके घातले होते आणि चार गाळले होते. म्हणजे ओळख घराण्याची नव्हती, एका हाताची होती. ॲरनच्या बायकांच्या हातात इतकी कल्पकता होती की तिला हजार वर्षांच्या खोट्या वंशावळीची गरजच नाही.

घरात सुयांवरचं खरोखर जुनं विणकाम होतं ते मोज्यांचंच. चार सुया, तिघींवर टाके आणि चौथीने विणायचं. डोनेगॉलमध्ये बायका मैलोन् मैल चालून आडत्याकडून सूत आणत आणि मोजे डझनावर विकत. मोजा टाचेला आणि बोटांना आधी जातो, म्हणून तिथे दुसरा धागा जोडून विणत. तरी गेलाच तर घोट्याशी एक धागा कापून ओढायचा, पाऊल वेगळं करायचं, सुटलेले टाके सुईवर घ्यायचे आणि नवं पाऊल विणायचं. एक टाका निसटला तर शिडी गुडघ्यापर्यंत चढते. जुन्या पावलातलं धड सूत उसवून रफूला. दोन-तीनदा पाऊल बदलून झालं की नवं सूत त्याला लावत नसत. पाऊल कापून टाकायचं आणि नुसती नळी बायका अनवाणी पायांवर घालायच्या, खालच्या कडेला एक फासा करून तो बोटात अडकवायचा, म्हणजे दलदलीत चालताना ती वर सरकत नसे.